आफ्रिकेतल्या खेड्यात शिकवायला जायचंय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून एकाच विषयावर बरीच पत्रं आली. आफ्रिकेतल्या एखाद्या गावच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचंय, सुरुवात कुठून करायची? काही पत्रं नुकतंच बी.एड. झालेल्यांची आहेत, काही निवृत्त शिक्षकांची, एक काळजीत पडलेल्या आईचं. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, त्यामुळे 'आफ्रिकेत कसं असतं' याला एकच एक उत्तर नाही. पत्रांमध्ये ज्यांची नावं आली आहेत त्या केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी आणि झांबिया या देशांपुरतंच आम्ही बोलतो.

प्रश्न : माझं बी.एड. झालंय. फोनवर एका संस्थेची जाहिरात आली. केनियातल्या गावात तीन आठवडे शिकवायचं, अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस अनाथाश्रमात. दीड लाख रुपये भरायचे, विमानाचं भाडं वेगळं. घरचे पैसे द्यायला तयार आहेत. जाऊ का? (एक वाचक, अमळनेर)

या संस्थेबरोबर जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमची इच्छा चांगली आहे, पण हा रस्ता चुकीचा आहे.

तीन आठवड्यांत काय होतं ते बघा. पहिला आठवडा मुलांची नावं पाठ करण्यात जातो. दुसऱ्यात मुलांना तुमचं इंग्रजी आणि तुम्हाला त्यांचं इंग्रजी जेमतेम कळू लागतं. तिसऱ्यात निरोप समारंभाची तयारी सुरू होते. तेवढे दिवस वर्गशिक्षकाचा अभ्यासक्रम थांबलेला असतो आणि तुम्ही निघाल्यावर त्याला मागचं सगळं भरून काढावं लागतं. पाठोपाठ दुसरा पाहुणा येतो आणि पुन्हा 'ए फॉर ॲपल'पासून सुरुवात करतो. अशा शाळांमधली मुलं एकच गाणं वर्षातून पाच पाहुण्यांकडून शिकतात आणि वजाबाकी मात्र कच्चीच राहते.

अनाथाश्रमाचा भाग त्याहून गंभीर आहे. पाहुणे आणि देणग्या यांच्यावर चालणाऱ्या अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील हयात असतात. आश्रमात मुलं दिसली तर पैसे येतात, म्हणून मुलं तिथं ठेवली जातात. दर तीन आठवड्यांनी कुणीतरी नवं माणूस लळा लावतं आणि निघून जातं, त्याचा मुलांच्या मनावर परिणाम होतो. अनाथाश्रमाचं काम असलेला कोणताही अल्पमुदतीचा कार्यक्रम सरळ नाकारा.

दुसरी संस्था शोधाल तेव्हा पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. शिक्षक हवा असं शाळेनंच कळवलंय का? असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र दाखवायला सांगा, त्यात विषय आणि इयत्ता लिहिलेल्या असल्या पाहिजेत. तुमच्याबरोबर वर्गात कोणता स्थानिक शिक्षक असेल? तुम्ही गेल्यावर तोच वर्ग कोण घेणार? कामाचा परवाना कोणत्या प्रकारचा आणि तो कोण काढणार? भरलेल्या पैशातला किती वाटा शाळेला आणि किती राहत्या घराला जातो? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि दोन जणांचं शिफारसपत्र ते तुमच्याकडे मागतात का, ते बघा. मागत नसतील, तर ते कुणालाही मुलांजवळ जाऊ देतात असा त्याचा अर्थ होतो. तसल्या संस्थेत पाऊल ठेवू नका.

पैसे न भरता जाण्याचेही मार्ग आहेत, पण तिथं स्पर्धा असते आणि अनुभव मागतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली स्थापन झाला, त्याचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि निवड झाल्यावर राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो. या कार्यक्रमाच्या नावानं कुणी शुल्क मागितलं तर ती फसवणूक समजा. ब्रिटनमधली व्हीएसओ ही संस्था १९५८ पासून या कामात आहे. अमेरिकेच्या पीस कोअरचं नाव पत्रांत वारंवार येतं, पण तिथं फक्त अमेरिकी नागरिकांनाच घेतात. अशा ठिकाणी निवडीच्या वेळी दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष शिकवल्याचा उपयोग होतो. तुम्ही आता शिकवायला लागा, ही घाई करायची गोष्ट नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एक पूर्ण शालेय वर्ष टांझानियात शिकवण्याची संधी आहे, शाळेचं पत्रही आलंय. रजा, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं कोणत्या क्रमानं करायचं? (एक शिक्षिका, शहादा)

आधी कॅलेंडर समोर ठेवा. आपलं शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होतं. टांझानिया, केनिया आणि झांबियाचं जानेवारीत सुरू होतं, युगांडाचं साधारण फेब्रुवारीत आणि मलावीचं सप्टेंबरात. जानेवारीत रुजू व्हायचं तर तुमची रजा आपल्याकडच्या दोन शालेय वर्षांत विभागली जाते. म्हणून अर्जात तारखा स्पष्ट लिहा, नुसतं 'एक वर्ष' लिहू नका. जानेवारीसाठी कागदपत्रांची सुरुवात आदल्या एप्रिलमध्येच झाली पाहिजे.

सुरुवात रजेपासून करा. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी असा फाईलचा प्रवास असतो. परदेशी जाण्यासाठी पूर्वपरवानगी आणि इतक्या दीर्घ मुदतीसाठी बिनपगारी असाधारण रजा, हे दोन वेगळे विषय आहेत. दोन्ही अर्ज एकत्र द्या, पण कागद वेगळे ठेवा, नाहीतर एकावर शेरा पडतो आणि दुसरा तसाच राहतो. शाळेच्या पत्राचा मराठी सारांश सोबत जोडा. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक घ्या.

पासपोर्टसाठी सरकारी कर्मचाऱ्याला ना हरकत प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. कार्यालयाला पूर्वसूचना देऊन तिची पोच जोडली तरी चालते. छत्तीस पानी पासपोर्टचं साधं शुल्क १५०० रुपये आहे. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. पोलिस चारित्र्य दाखलाही पासपोर्ट सेवेतूनच मिळतो, त्याचं शुल्क ५०० रुपये. गावचा पत्ता आणि नोकरीच्या ठिकाणचा पत्ता वेगळा असेल, तर पोलिस पडताळणी हमखास रखडते. म्हणून अर्जात सध्या जिथं राहता तोच पत्ता द्या आणि त्याचा पुरावा हाताशी ठेवा.

पदवी आणि डी.एड., बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे अपोस्टिल करारात, असलेल्या देशासाठी तेवढ्यावर भागतं. टांझानियासाठी पुढे त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायोगाचाही शिक्का घ्यावा लागतो. मूळ गुणपत्रिका फक्त मराठीत असेल तर नोटरी केलेला इंग्रजी अनुवाद आधीच करून घ्या. सगळ्या कागदांवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. लग्नानंतर बदललेलं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, या दोन गोष्टींवर बायकांच्या फाईली सर्वांत जास्त अडकतात. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केलेला असेल तर त्याची प्रत सोबत ठेवा.

आता परवाना. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं, पगार नसला तरी, बेकायदा आहे. टांझानियात स्वयंसेवकासाठी 'क' वर्गाचा निवास परवाना असतो आणि तो बोलावणारी संस्था काढते. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी आली, पण ती फक्त भेटीपुरती आहे. तिथं कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि शिक्षकाला तिथल्या शिक्षक सेवा आयोगाकडे नोंदणीही करावी लागते. 'इथं आल्यावर बघू' असं संस्था म्हणाली तर थांबा. तपासणीत तुम्ही सापडलात तर दंड होतो, परत पाठवतात, आणि ज्या मुख्याध्यापकांनी तुम्हाला वर्ग दिला तेही अडचणीत येतात. परवाना हातात पडल्यावरच तिकीट काढा.

प्रश्न : वय ६३, विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मलावी किंवा युगांडातल्या माध्यमिक शाळेत एक वर्ष शिकवायची इच्छा आहे. कोणत्या लसी घ्यायच्या? वय आड येईल का? (एक वाचक, भुसावळ)

माध्यमिक शाळांना गणित-विज्ञानाच्या अनुभवी शिक्षकाची खरी गरज असते, त्यामुळे तुमचं वय कामाच्या आड येत नाही. एका लसीच्या बाबतीत मात्र ते येऊ शकतं.

ती लस म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हरची). युगांडात शिरताना तिचं प्रमाणपत्र लागतं. केनिया, युगांडा किंवा इथिओपियातून भारतात परतताना आपल्याकडचे विमानतळ अधिकारीही ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलावीला जाताना मध्ये अदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त मुक्काम झाला, तर मलावीतही ते मागितलं जाऊ शकतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते. गावातल्या खासगी दवाखान्याचं प्रमाणपत्र चालत नाही. खान्देशातल्या बहुतेकांना मुंबईला जावं लागतं. आधी वेळ घ्या, मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचं तिकीट या दहा दिवसांमुळेच वाया जातं.

ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती देत नाहीत. म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि जमल्यास युगांडापेक्षा मलावीचा विचार करा. शिवाय टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात, आणि दवाखाना दूर असलेल्या गावात राहणार असाल तर कुत्रा चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस, एवढ्यांची चौकशी करा.

हिवताप ही सर्वांत मोठी बाब आहे. तिकडचा हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो. दोन-तीन दिवसांत तो जिवावर बेतू शकतो आणि जुनी क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. प्रतिबंधाच्या गोळ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत घेतात. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिनं कातडी उन्हाला नाजूक होते, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. घरी आलो म्हणून गोळ्या बंद करणं, ही नेहमीची आणि धोक्याची चूक आहे. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर 'मी आफ्रिकेतून आलोय' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

मधुमेहाची औषधं तीन महिन्यांची तरी हातातल्या सामानात न्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. विमा घेताना मधुमेह जाहीर करा, लपवलात तर दावा फेटाळला जातो. गावातून मोठ्या शहरातल्या रुग्णालयात विमानानं हलवण्याचा खर्च त्या विम्यात आहे का, तेही बघा. पूर्व आफ्रिकेत हे काम अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स १९५७ पासून करतात.

प्रश्न : धडगाव तालुक्यात पावरा मुलांना सहा वर्षं शिकवतोय. मलावीतल्या एका प्राथमिक शाळेत जायचं ठरतंय. वर्गात ८० मुलं, एक फळा, पुस्तकं पाच-सहा जणांत एक, आणि मला तिथली भाषा येत नाही. वर्ग कसा चालवायचा? (एक शिक्षक, धडगाव)

तुमची तयारी इतरांपेक्षा जास्त आहे. पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक दिल्यावर काय होतं, ते तुम्ही रोज बघता. मलावीत चिचेवा बोलणाऱ्या मुलापुढे इंग्रजी पुस्तक आलं की तेच घडतं. टांझानियात पहिली ते सातवी स्वाहिली माध्यम असतं आणि त्यानंतर एकदम सगळे विषय इंग्रजीत सुरू होतात. तिथंही माध्यमिकच्या पहिल्या वर्षी हुशार मुलं गप्प बसतात.

मलावीनं १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं, युगांडानं १९९७ मध्ये, केनियानं २००३ मध्ये. मुलं एकदम शाळेत आली, वर्गखोल्या आणि शिक्षक त्या वेगानं आले नाहीत. वर्गात ८० मुलं का असतात, याचं उत्तर त्यात आहे. तिथले शिक्षक वर्षानुवर्षं ते पेलत आले आहेत, तेव्हा पहिला आठवडा काही शिकवू नका. मागच्या बाकावर बसून शिक्षक वर्ग कसा सांभाळतात ते बघा.

मग मुलांची पातळी तपासा. यासाठी तुम्हाला माहीत असलेलंच साधन आहे. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी चढती पानं वाचायला देतात. त्याच धर्तीवर २००९ पासून केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' ही पाहणी सुरू झाली. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची 'प्रथम'ची पद्धत झांबियातल्या सरकारी शाळांनीही 'कॅच अप' या नावानं घेतली. म्हणजे तुम्ही काही उपरं घेऊन जात नाही.

एका मुलाला चार मिनिटं धरली तरी ८० मुलांना पाच तास वीस मिनिटं लागतात. स्थानिक शिक्षक आणि तुम्ही मिळून रोज २० मुलं घ्या, चार दिवसांत होईल. तपासणी चिचेवात झाली पाहिजे आणि ती त्या शिक्षकानंच घेतली पाहिजे, तुम्ही नोंद करा. मुलाला एकटं बाजूला न्यायचं, पण दार उघडं आणि सगळ्यांच्या नजरेसमोर. नोंदवही शिक्षकाच्या कपाटात राहील, तुमच्या पिशवीत नको.

आता बसवणं. रोज एक तास आठ-आठ मुलांचे दहा गट करा. अक्षरं न येणारे गट फळ्याजवळ आणि शिक्षकाजवळ, गोष्ट वाचणारे झाडाखाली स्वतःचं वाचन करतील. पातळी दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि मुलं हलवा. इथंच बहुतेक ठिकाणी काम बिघडतं. गट एकदा पडले की वर्षभर तेच राहतात, आणि खालच्या गटातलं मूल स्वतःला कायमचं 'ढ' समजू लागतं.

मोजणीसाठी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं वापरा. एका गटाला शंभर, म्हणजे दहा गटांना हजार. दुकानदाराला दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवा. कडा धारदार असतात, दगडानं ठोकून सपाट केल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. दशक समजावताना बुचं चालत नाहीत, कारण दहा बुचांचा एक जुडगा बांधता येत नाही. तिथं काड्या घ्या. मक्याच्या ताटाचे बोटभर तुकडे, दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधलेल्या. हातच्याची वजाबाकी करताना मुलानं स्वतःच्या हातानं एक जुडी सोडली पाहिजे. ५२ मधून १७ वजा करताना पाच जुड्यांतली एक सुटते, बारा काड्या सुट्या होतात, त्यातल्या सात जातात. ती सुतळी सुटताना बघितल्यावर मूल 'हातचा घेतला' हे शब्द घोकत बसत नाही. मलावीतल्या शिक्षकांना असं स्थानिक साहित्य करण्याचं प्रशिक्षण मिळालेलं असतं, 'तालुलर' हा शब्द ते वापरतील. त्यांच्या कल्पना आधी विचारा.

फळा सिमेंटचा, खडबडीत आणि पांढुरका झालेला असतो. तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात फळ्याचा रंग मिळतो. आठ फूट बाय चार फुटांच्या फळ्याला दोन हातांसाठी एक लिटर पुरतो. आधी काचकागदानं घासा, पुसा, पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. पुरता वाळल्यावर खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. हे न करता लिहिलं तर पहिल्या धड्याची अक्षरं फळ्यात कायमची उमटून बसतात. मागची ओळ आठ मीटरवर असेल तर अक्षर पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नको.

भाषेचं म्हणाल तर निघण्याआधी तीन महिने रोज अर्धा तास द्या. अभिवादन, अंक, 'बसा', 'ऐका', 'पुन्हा सांगा', 'छान' एवढं तोंडात बसलं पाहिजे. स्वाहिली प्रदेशात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, आणि घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. तिथं 'सा मोजा' म्हणजे पहिला तास, आपले सकाळचे सात. वेळ ठरवताना कोणत्या पद्धतीनं बोलताय ते विचारून घ्या, नाहीतर सभा सहा तासांनी चुकते.

छडीबद्दल : केनिया आणि युगांडात शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे. टांझानियात मुख्याध्यापकांच्या परवानगीनं छडी अजूनही कायदेशीर आहे. तुम्ही हात उगारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा. पण मुलांसमोर स्थानिक शिक्षकाला टोकू नका, शिक्षकखोलीत बोला.

आणि हजेरी. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या शाळा जशा ओस पडतात, तसंच मलावीत जानेवारी ते मार्चमध्ये होतं. जुना मका संपलेला, नवा अजून शेतात, त्यामुळे मुलं उपाशी येतात किंवा येतच नाहीत. या महिन्यांत नवीन धडा रेटू नका, उजळणी ठेवा. मूल पेंगत असेल तर आधी जेवलंय का ते बघा.

प्रश्न : मुलगी युगांडाला जायचं म्हणते. आम्ही शाकाहारी. ती खाणार काय, आणि एकटी मुलगी सुरक्षित राहील का? सोबत पापड-लोणचं द्यायचंय. (एक आई, फैजपूर)

जेवणाची काळजी सोडा. मक्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट गोळा, त्याला युगांडात पोशो म्हणतात, आणि राजमा हे शाळेतलं रोजचं जेवण. शिवाय मातोके, म्हणजे शिजवून कुस्करलेली हिरवी केळी. केळीच्या मुलखातल्या मुलीला ती परकी वाटणार नाहीत. चपाती आणि चहा सगळीकडे आहे. 'मांस खात नाही' एवढंच सांगून भागत नाही, मासे आणि रस्साही चालत नाही असं वेगळं सांगावं लागतं. कुणी कोंबडी कापून पाहुणचार करण्याआधीच ते सांगावं.

पापड, मेतकूट, कोरडी चटणी द्या. मात्र मध्ये केनिया किंवा टांझानियात उतरायचं असेल तर प्लास्टिकच्या कॅरी बॅगा नकोत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून त्यांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

सुरक्षिततेत सर्वांत मोठा धोका रस्त्याचा आहे. भाड्याच्या मोटारसायकली, ज्यांना बोडा-बोडा म्हणतात, त्यांवर जीव जातात. चांगलं हेल्मेट इथूनच द्या, अंधार पडल्यावर तिनं बसू नये, आणि गावातला ओळखीचा एकच चालक ठरवावा. राहायला शिक्षिकेच्या किंवा कुटुंबाच्या घरात, आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली पाहिजे. ती आहे का, हे संस्थेला लेखी विचारा. पलंगावर औषधी मच्छरदाणी, पाणी उकळून. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहायचं किंवा पाण्यात उभं राहायचं नाही. गोगलगायींमधून येणारे बिल्हार्झिया या रोगाचे जंतू कातडीतून शरीरात शिरतात.

प्रश्न : पैसे कसे न्यायचे? (एक वाचक, धुळे)

थोडे डॉलर रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या बँकेच्या कार्डावर. नोटा नव्या, न फाटलेल्या आणि शिक्का-खूण नसलेल्या घ्या, जुन्या छपाईच्या नोटा तिकडे नाकारतात. गावात कार्ड चालत नाही, मोबाइलवरचे पैसे चालतात. केनियात २००७ पासून एम-पेसा, इतर देशांत एअरटेल मनीही आहे. तिथलं सिम पासपोर्ट दाखवून पहिल्याच दिवशी नोंदवा. तिकडचे तीन पिनांचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी असतात, तेव्हा दोन अडॅप्टर न्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा.

प्रश्न : आमच्या मंडळानं वह्या, पेन, जुने कपडे आणि इंग्रजी पुस्तकं जमवली आहेत. जाणाऱ्या शिक्षकाबरोबर पाठवू का? (एक मंडळ, दोंडाईचा)

पाठवू नका. जादा सामानाच्या भाड्यात तिथं त्याहून जास्त वह्या येतात आणि गावच्या दुकानदाराची विक्रीही होते. आपली पाठ्यपुस्तकं त्यांच्या अभ्यासक्रमाला लागू पडत नाहीत. टांझानियात तिथली शिक्षण संस्था आणि केनियात तिथलं अभ्यासक्रम विकास केंद्र पुस्तकं मंजूर करतं, शाळेला तीच हवी असतात. रक्कम जमली असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा समितीला काय कमी आहे ते विचारा, तिथंच खरेदी करा आणि पावती शाळेच्या नावानं घ्या. वाटपही शाळाच करील. पाहुण्यानं स्वतःच्या हातानं पेन वाटले की दुसऱ्या दिवशी मुलं वर्गाऐवजी त्याच्या खोलीच्या दारात जमतात.

मुलांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर शाळेची आणि पालकांची परवानगी लागते. ती नसेल तर खोलीचा, फळ्याचा, बुचांच्या ढिगाचा फोटो टाका.

प्रश्न : डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे जायचं असेल तर आत्तापासून काय करू? (एक विद्यार्थी, नंदुरबार)

तुमच्याच जिल्ह्यात, अक्कलकुवा किंवा तोरणमाळच्या बाजूला, बहुवर्ग शाळेत एक पूर्ण वर्ष काढा. घरी अहिराणी बोलत असाल तर भिली किंवा पावरीतली दोनशे वाक्यं शिका आणि त्या भाषेतून पहिलीचं वाचन सुरू करून बघा. पातळी-तपासणीच्या नोंदी तारखेसह ठेवा, वर्षाच्या सुरुवातीला किती मुलं शब्द वाचत होती आणि शेवटी किती, हे दाखवता आलं पाहिजे. मुलाखतीत तेच विचारतात. बोलण्याचं इंग्रजी रोज वापरात ठेवा, सावकाश आणि छोट्या वाक्यांत. मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र वर्ष संपताच घ्या, बदली झाल्यावर ते मिळवायला महिने जातात. पासपोर्टचा अर्ज मात्र या सुट्टीतच करा, त्याला नोकरी लागण्याची वाट बघायची गरज नाही.